साधेपणा कुणाला परवडतो?

मे २०२३ च्या अखेरीस गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातल्या मोटा गावात एका दलित तरुणाला मारहाण झाली. अंगात चांगले कपडे आणि डोळ्यांवर गॉगल, एवढ्यावरून झाली, अशी फिर्याद आहे. ही बातमी वाचून ज्यांचं रक्त तापलं नाही त्यांच्यासाठी हे पत्रक नाही. ज्यांचं तापलं, त्यांच्यातलेच कित्येक जण संध्याकाळी पारावर बसून म्हणतात, "गरिबांचा पुढारी म्हणवतो आणि फिरतो फॉर्च्युनरमधून!" हा टोमणा दलित पुढाऱ्याच्याच वाट्याला का येतो, याचा जाब त्यांना द्यावा लागेल.

कुठल्याही तालुक्यातलं चित्र घ्या. कारखान्याचा चेअरमन, सत्ता आजोबांपासून घरात, दोन शिक्षणसंस्था, पेट्रोलपंप. निवडणूक तोंडावर आली की तो बांधावर मांडी घालून बसतो, बुक्कीनं कांदा फोडतो, भाकरीवर पिठलं घेतो. मोबाइल धरलेल्या पोराला हवा तसा फोटो मिळेपर्यंत घास हातातच थांबलेला असतो. रात्रीपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपवर, खाली ओळ: मातीतला माणूस. त्याच मतदारसंघात वस्तीतून शिकून वर आलेला वकील इस्त्रीचा कोट घालून उभा राहिला की लगेच ऐकू येतं, साहेब झाला, समाजाला विसरला. चेअरमनची गाडी ही दादांची गाडी. वकिलाच्या गाडीला मात्र प्रश्न, पैसा आला कुठून?

गावोगावच्या पुतळ्यांवरचा निळा कोट डोळ्यांत खुपणाऱ्यांनी १९१७ सालचं बडोदं आठवावं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. सामान उचलून ते बाहेर पडले आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले. परदेशी पदवीनं त्यांची जात झाकली नाही. पण अस्पृश्यानं अंगावर काय घालावं हे गावानं ठरवायचं, हा नियम त्यांनी मोडला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी तेच सांगितलं: लुगडं नेसण्याच्या ज्या रीतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते, ते सोडा. ज्या समाजाच्या अंगावरचं कापडसुद्धा दुसऱ्यांनी ठरवलं, त्याच्या पुढाऱ्याचा कोट हा चैनीचा विषय होऊच शकत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पण गांधीजी पंचा नेसत." नेसत होते. २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत त्यांनी तो स्वीकारला आणि त्यामागची तळमळ खरी होती. पण बॅरिस्टरचा सूट त्यांनी आधी वापरला होता. तो उतरवायचा की नाही हे त्यांच्या हातात होतं. ज्याला कोट घालूच दिला नाही, त्यानं काय उतरवून त्याग दाखवायचा?

अमेरिकेत हाच खेळ वंशावरून चालतो आणि तो जुना आहे. १८४० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांचा प्रचार लाकडी खोपटातला माणूस म्हणून झाला. जन्म व्हर्जिनियातल्या मळ्यावरच्या मोठ्या हवेलीतला, वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. धाकटे बुश हे राष्ट्राध्यक्षाचे चिरंजीव, येल आणि हार्वर्डचे पदवीधर. १९९९ मध्ये त्यांनी टेक्ससमध्ये रँच घेतलं, तिथे झुडपं तोडतानाचे त्यांचे फोटो झळकले, आणि सोबत बसून बिअर प्यावी असा माणूस म्हणून ते देशाला आवडले. बराक ओबामा यांना आईनं आणि आजी-आजोबांनी वाढवलं. शिक्षणाचं कर्ज फिटेपर्यंत त्यांनी चाळिशी ओलांडली होती. तरी २००८ मध्ये अल्टूना गावी बोलिंगच्या खेळात त्यांचे ३७ गुण झाले, तेव्हा टीव्हीवर चर्चा रंगली की सामान्य अमेरिकन माणसाशी यांची नाळ जुळते का. एप्रिल २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावर असताना, जन्म अमेरिकेतलाच हे दाखवायला, त्यांना जन्माचा सविस्तर दाखला जाहीर करावा लागला. ऑगस्ट २०१४ मध्ये ते सीरियाच्या प्रश्नावर बोलायला उभे राहिले आणि गहजब झाला तो त्यांच्या फिक्या रंगाच्या सूटवरून. तसा सूट रेगन यांनीही घातला होता. तिथे 'सामान्य माणूस' म्हटलं की डोळ्यांपुढे गोरा कामगारच येतो. काळा माणूस कितीही गरिबीतून आला तरी त्या चौकटीत बसत नाही.

सर्वांत चीड आणणारा आक्षेप शहाजोगांचा. "म्हणजे दलित पुढाऱ्याच्या संपत्तीबद्दल बोलायचंच नाही का?" जरूर बोला. २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. ते उघडा, पाच वर्षांपूर्वीच्या शपथपत्राशी ताडून पाहा, वाढ डोळ्यांवर आली तर रस्त्यावर उतरा. पण सगळ्यांचीच उघडा. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी ५०४ जण शपथपत्रांनुसार कोट्यधीश आहेत, म्हणजे ९३ टक्के. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा ८४. त्या सगळ्या जागांवर कोट्यधीशच बसलेत असं धरलं, तरी उरलेले ४२० कोट्यधीश कोण आहेत? त्यांच्या गॉगलची किंमत पारावर कुणी काढल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा येत्या निवडणुकीत कुणाच्या कोटावर, बुटांवर, गाडीवर बातमी करायचीच असेल, तर संपादकांनी शेजारच्या रकान्यात त्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची मालमत्ता छापावी, आडनाव न बघता. आणि वस्तीत भाकरी खायला येणाऱ्या उमेदवाराला घास घेण्याआधी वस्तीनं विचारावं की अनुसूचित जातींसाठीच्या निधीतून इथे गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला आणि कशावर. फोटो त्याच्या उत्तरानंतर काढू द्यावा.