उसन्या अंगणातली रांगोळी

‘स्वतःचे संकेतस्थळ कशाला? समाजमाध्यमे आहेत की!’ असे सहकारी प्राध्यापक आम्हांला ऐकवतात. छंद म्हणजे रिकामटेकडेपणा, हे त्यामागचे गृहीतक. ते आम्हांला मान्य नाही.

उसन्या अंगणातली रांगोळी मालकाच्या मर्जीवर टिकते. १९९४ साली सुरू झालेले जिओसिटीज याहूने २००९मध्ये बंद केले. ऑर्कुट २०१४मध्ये गेले. हौसेने मांडलेली असंख्य पाने एका निर्णयासरशी उठली. काही वाचली, ती तिऱ्हाइतांनी जतन केली म्हणून. डोमेनचे भाडे आम्हीही भरतो. पण सर्व्हर बदलला तरी बिऱ्हाड पत्त्यासकट हलवता येते.

शिवाय एचटीएमएल हाताने लिहिताना कळते, की वेलांटी आणि रफार वरच्या ओळीतल्या उकाराला भिडू नयेत, तर दोन ओळींत अंतर किती हवे. बहुधा रोमन लिपीच्या मापाने बेतलेल्या तयार साच्यात हा प्रश्न कुणाला पडतच नाही. आपल्या लिपीकडे असे निरखून पाहणे हा रिकामटेकडेपणा असेल, तर मराठीच्या अध्यापनाला काय म्हणावे?

महाविद्यालयाच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ रंगवणाऱ्या मुलीला ‘वाचणार कोण?’ असे आपण विचारत नाही. मग तोच प्रश्न आम्हांला का?