टर्बो, हायब्रिड अन् आपली पाणंद



हळदीचे पैसे हातात आले की साखऱ्यात दोन विषय हमखास निघतात. एक लेकीचं लग्न, दुसरा गाडी. गाडीच्या विषयात आता एक नवा शब्द घुसलाय, माइल्ड हायब्रिड. पोरं मोबाईलवर डोंगर चढणाऱ्या, नदीतून पाणी उडवत जाणाऱ्या गाड्या बघतात अन् विचारतात, "काका, टर्बो पेट्रोल, फोर बाय फोर, वरून हायब्रिड. अशी गाडी आपल्या काळ्या रानात कशी चालंल?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. तंत्र चांगलं आहे, अन् आपल्या चिखलाला तर भलतंच लागू पडणारं आहे. फक्त ते चुकीच्या गाडीत बसवून विकायला ठेवलंय.

आता जरा इंजिनात डोकावू. टर्बो म्हणजे दोन पंखे, एकाच दांड्यावर. एक पंखा इंजिनच्या धुराच्या झोतावर फिरतो, दुसरा त्याच फिरण्यावर बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, अन् लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. गोम अशी की इंजिन सावकाश फिरत असताना धुराचा झोत कमजोर असतो, टर्बो झोपलेला असतो. तुम्ही रेस दाबली की क्षणभर काहीच होत नाही, अन् मग एकदम हिसका बसतो. डांबरी रस्त्यावर हे कळतसुद्धा नाही. चिखलात मात्र तोच हिसका घात करतो. चाक गर्रकन फिरतं, खाली खड्डा करतं अन् गाडी पोटावर बसते.

माइल्ड हायब्रिडमध्ये डायनामो अन् स्टार्टर हे दोन वेगळे न ठेवता एकच यंत्र पट्ट्यानं इंजिनला जोडतात. सोबत ४८ व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी. तुम्ही रेसवरून पाय काढला की ते यंत्र वीज तयार करून बॅटरीत भरतं, अन् पुन्हा रेस दिली की तीच वीज वापरून इंजिनला फिरायला हात देतं. विजेच्या मोटारीचा गुण तुम्हाला विहिरीवरच्या पंपामुळं माहीत आहेच, तिला जोर यायला वेळ लागत नाही. टर्बो जागा होईपर्यंतची पोकळी ती भरून काढते. बॅटरीत एक युनिटसुद्धा वीज मावत नाही, त्यामुळं गाडी नुसत्या विजेवर चालंल ही आशा ठेवू नका. हिला चार्जिंगची पिनही नसते. अन् ४८ व्होल्टच का, तर ६० व्होल्टच्या आतला डीसी करंट माणसाला तुलनेनं कमी धोक्याचा धरतात. जास्त व्होल्टेजच्या गाडीला जी महागडी सुरक्षा लागते, ती इथं वाचते.

याचं पूर्ण रूप बघायचं तर लँड रोव्हरचं २०१९ साली आलेलं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बघा. ४०० एचपी, ५५० न्यूटन-मीटर टॉर्क. त्यात ४८ व्होल्टवर चालणारा एक जादा विजेचा पंखा आहे, तो टर्बोच्या आधी हवा भरायला लागतो. २००८ पासून ही कंपनी टाटांची आहे अन् २०२४ पासून रेंज रोव्हर पुण्यात जोडली जाते. म्हणजे हे तंत्र आपल्यापासून एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर येऊन थांबलंय. किंमत दोन कोटींच्या वर. तेवढ्यात किती एकर रान येतं ते तुम्हीच मोजा.

आपल्या ऐपतीच्या जवळची म्हणाल तर थार. ती नाशिकला बनते. २०२० च्या थारमध्ये दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आलं, १५० एचपीचं. टॉर्क हातानं गिअर टाकायच्या गाडीत ३००, ऑटोमॅटिकमध्ये ३२०. त्यात हायब्रिड काही नाही. अन् पेट्रोलवरची जीप ही काही नवलाईही नाही. महिंद्रानं ज्या विलीज जीपनं धंदा सुरू केला तिचं इंजिन पेट्रोलचंच होतं, २.२ लिटर, ६० एचपी. डिझेल नंतर आलं अन् खेड्यात तेच मुरलं.

आता आपल्या रानाचं. कृषीवाले मित्र वाचत असतील त्यांना ठाऊक आहे, आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती असते. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय जातो. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते अन् साबणासारखी होते. मृगाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की टायरच्या नक्षीत माती भरून चाक गुळगुळीत रूळ होतं. अशा वेळी आधी हार टायरची होते, इंजिनची नाही. १५० एचपी काय अन् ४०० काय, जमिनीला पकडच नसंल तर तो जोर जायचा कुठं? तो खड्डा करण्यातच जातो. तिथं लागतो तो हळू, सलग, न हिसकणारा टॉर्क, लो गिअर, टायरमधली कमी केलेली हवा अन् हलकी गाडी. यातली पहिली गोष्ट माइल्ड हायब्रिड खरंच देऊ शकतं. म्हणून म्हणलं तंत्र आपल्या कामाचं आहे. पण ते बसवलंय दोन टनांपेक्षा जड गाडीत, अन् जड गाडी चिखलात स्वतःच्याच वजनानं बुडते.

अजून एक, जे व्हिडिओत कुणी सांगत नाही. वाफसा नसताना जड गाडी रानात घातली की चाकाखालची माती दबते. वरची दबलेली माती नांगरटीनं फुटते, खालची दबलेली वर्षानुवर्षं तशीच राहते. हळदीच्या बेडात हे झालं तर पाणी तुंबतं अन् कंदकुजीला आयतं निमंत्रण. आपण ट्रॅक्टर वाफशावर घालायचं म्हणतो, मग हौसेच्या गाडीला वेगळा नियम का? गाडी धुऱ्यापर्यंतच. पुढं पायी.

इंधनाचा हिशेब करू. नाशिकलाच बनणाऱ्या डिझेल स्कॉर्पिओत २०१६ मध्ये महिंद्रानं माइल्ड हायब्रिड दिलं होतं, सात टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं असा कंपनीचा दावा होता. समजा आपली गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालते अन् लिटरला १२ किलोमीटर देते. म्हणजे साधारण ८३३ लिटर. त्याचे सात टक्के ५८ लिटर. आजच्या पेट्रोलच्या भावानं सहा हजार रुपयांच्या आसपास. तेही सात टक्के पूर्ण मिळाले तर. ही बचत होते ती गाडी सारखी थांबते, पुन्हा निघते तिथं. सिग्नलवर इंजिन बंद होतं, ब्रेकमध्ये वाया जाणारी ताकद परत मिळते. साखरा ते सेनगाव सिग्नल किती आहेत?

हाच मुद्दा ट्रॅक्टरला लावून बघा. "मग हायब्रिड ट्रॅक्टर का नाही" असंही एकानं विचारलं होतं. नांगरट म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा भार. ब्रेक नाही, उतार नाही, परत मिळवायला काही उरतच नाही. ट्रॅक्टरवर ४८ व्होल्टचा उपयोग वेगळा होऊ शकतो. फवारणीचा पंप, पेरणी यंत्राचं बियाणं सोडणारं चाक असली कामं पीटीओच्या दांड्याऐवजी विजेवर चालवली तर प्रत्येकाचा वेग वेगळा ठेवता येईल. त्यात खरी शेती आहे.

सरकारचं धोरण म्हणाल तर ते धरसोडीचं. आधी फेम योजनेत माइल्ड हायब्रिड गाड्यांना सवलत दिली, १ एप्रिल २०१७ पासून काढून घेतली. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात ट्रॅक्टरवर १२ चा ५ टक्के झाला, ते चांगलंच झालं. पण बाराशे सीसीच्या वरची पेट्रोल गाडी ४० टक्क्यांत, मग तिला हायब्रिड असो की नसो. कर सीसीवर अन् लांबीवर बसतो, गाडी शेतमाल ओढते की मॉलला जाते हे त्यात कुठंच येत नाही.

पेट्रोलचा आपल्याशी अजून एक संबंध आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते ऊसवाल्याच्या अन् मकावाल्याच्या रानातून आलंय, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो अन् टर्बो इंजिनाला ते मानवतं, कारण दाबलेल्या हवेत साधं पेट्रोल वेळेआधी पेटायची भीती असते. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळं अ‍ॅव्हरेज थोडं खाली येणार. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप किंवा ग्रास कटर हंगाम संपल्यावर टाकी भरून आखाड्यावर टांगून ठेवू नका, टाकी अन् कार्बोरेटर रिकामं करून ठेवा. गाडी घेवो न घेवो, हे तरी कराच.

राहिली दुरुस्ती. हायब्रिडचं ते यंत्र इंजिनच्या पुढच्या बाजूला पट्ट्यावर फिरतं. पट्ट्यात आपली चिकट काळी माती गेली तर काय होईल, हे ज्यानं थ्रेशरचा पट्टा ओला झालेला बघितलाय त्याला सांगायला नको. गावातला मिस्त्री जुनी कमांडर पान्यावर अन् तारेवर उभी करायचा. ४८ व्होल्टच्या वायरिंगला तो हात लावणार नाही, अन् लावूही नये. आपल्यासारख्या ठिकाणी गाडी पाच-सहा दिवस बंद पडली अन् तेवढ्यात हळद उकडून वाळत घातलेली असली, तर सात टक्के बचतीचा हिशेब कुणी काढत बसत नाही.

मला काय पाहिजे ते सांगतो. रिकामी एक टनाच्या आतबाहेरची, फोर बाय फोर, लो गिअरची, मागं आठ-दहा कट्टे मावतील अशी छोटी गाडी. लहान टर्बो पेट्रोल, चिखलात हळू निघायला ४८ व्होल्टची मदत, अन् आखाड्यावर लाइट किंवा फवारणी पंप चालवायला मागं एक सॉकेट. यातलं एकही तंत्र नवीन शोधायचं नाही, सगळं पुण्या-नाशकात पडलेलं आहे. पुण्या-मुंबईची पोरं दोन दिवस चिखलात खेळायला म्हणून जी गाडी घेतात, तिच्यावर कंपन्यांचं लक्ष आहे. रोज चिखलातून दूध काढणारा त्यांना गिऱ्हाईक वाटत नाही.

तोवर ज्यांचा जीव पाणंदीत अडकलाय त्यांनी शोरूमच्या आधी तहसील गाठावी. बांधावरून नवीन वाट पाहिजे असंल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. चालू वाट कुणी नांगरून किंवा काट्या टाकून अडवली असंल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, अन् तिथं अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. पेरणीच्या धांदलीत हे सहा महिने कसे निघून जातात कळत नाही. पाणंद मातीकाम करून मजबूत करायला सरकारी योजना असते, तिचा ठराव ग्रामसभेतून जातो. अर्जासोबत सातबारा, गटाचा नकाशा अन् शेजारच्या गटधारकांची नावं जोडा. पंचनामा उन्हाळ्यात झाला तर अधिकाऱ्याला पाणंद चांगलीच दिसणार, म्हणून जुलैतले फोटो तारखेसकट काढून ठेवा, त्यात गुडघ्याएवढा चिखल दिसला पाहिजे.