मैदानावरचा मृत्यू आणि लशीवरचा आळ

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत एखादा फलंदाज उंच फटका मारतो आणि दुसऱ्याच क्षणी खेळपट्टीवर कोसळतो. कबड्डीचा खेळाडू चढाई करून परततो आणि बसल्याजागी आडवा होतो. अर्ध्या मिनिटाची अशी चित्रफीत संध्याकाळपर्यंत घरोघरच्या मोबाइलवर पोहोचते आणि तिच्याखाली एका ओळीत निदानही लिहिलेले असते : 'लशीचा परिणाम'. शवविच्छेदनाचा अहवाल आलेला नसतो. मृताचा रक्तदाब किती होता, साखर किती होती, तंबाखू होती का, घरात कोणी असे अकाली गेले होते का, हे कोणी विचारलेले नसते. निदान मात्र पक्के असते.

हे मत आता कट्ट्यापुरते राहिलेले नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील हासन जिल्ह्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच लशीच्या घाईच्या मंजुरीकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आयसीएमआर आणि एम्सच्या अभ्यासांचा हवाला देऊन ते नाकारले. मधल्या काळात म्हैसूरच्या हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही हा प्रश्न रोज येतो. 'साहेब, मी दोन्ही डोस घेतलेत. मला काही होणार तर नाही ना?' असे विचारणारा माणूस अडाणी नसतो. त्याने भाऊ, मित्र, शेजारी गमावलेला असतो आणि त्याला कारण हवे असते. त्याला हसण्यापेक्षा उत्तर देणे हे आमचे काम आहे.

उत्तराची सुरुवात तारखांपासून करू. भारतात लसीकरण सुरू झाले १६ जानेवारी २०२१ रोजी. कपिल देव यांना हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. सौरव गांगुली घरी व्यायाम करताना छातीत दुखून रुग्णालयात दाखल झाले ते २ जानेवारी २०२१ रोजी, वय ४८. आणखी मागे जाऊ. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो जून २००३ मध्ये फ्रान्समधील सामन्यात मैदानावरच कोसळून गेला, वय २८. इंग्लंडमध्ये मार्च २०१२ मध्ये फॅब्रिस मुआम्बा भर सामन्यात कोसळला. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये कोसळला, तेव्हाही लशीचे नाव घेतले गेले. त्याने लस घेतलेलीच नव्हती, असे त्याच्या क्लबच्या संचालकांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले. अफवा पुढे गेली, खुलासा मागे राहिला.

खेळताना तरुण माणूस का जातो, हे वैद्यकशास्त्राला कोरोनाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. साधारण पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये बहुतेकदा जन्मजात किंवा आनुवंशिक दोष असतो. हृदयाचा स्नायू अवाजवी जाड असणे, विद्युतप्रवाहात बिघाड असणे, हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चुकीच्या जागेतून निघालेली असणे, असे काही. फोच्या शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड असल्याचेच आढळले होते. पस्तिशीनंतर मुख्य कारण बदलते. रक्तवाहिनीत साठलेल्या चरबीच्या थराला तडा जातो, त्यावर गुठळी जमते आणि रक्तपुरवठा बंद पडतो. आपल्याकडे हे लवकर घडते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत जवळपास ५९ व्या वर्षी. हा अभ्यास प्रसिद्ध झाला २००४ मध्ये.

आता थेट लशीबद्दल. १८ ते ४५ वयोगटातील, वरकरणी निरोगी असलेल्या लोकांच्या अचानक आणि कारण न कळलेल्या मृत्यूंचा आयसीएमआरने अभ्यास केला. देशातील ४७ रुग्णालयांच्या मदतीने अशा ७२९ मृतांची माहिती घेतली आणि त्यांच्याच परिसरातील, त्याच वयाच्या २९१६ जिवंत लोकांशी तुलना केली. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लस मृत्यूला कारण ठरत असती, तर मृतांमध्ये लस घेतलेल्यांचे प्रमाण जास्त दिसायला हवे होते. दिसले उलटे. दोन डोस घेतलेल्यांमध्ये अशा मृत्यूची शक्यता कमी आढळली. जास्त आढळली ती कोरोनामुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांमध्ये, घरात अकाली आकस्मिक मृत्यूचा इतिहास असलेल्यांमध्ये, मृत्यूआधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू पिणाऱ्यांमध्ये किंवा नशा करणाऱ्यांमध्ये आणि त्याच ४८ तासांत जोरकस शारीरिक श्रम केलेल्यांमध्ये.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. माहिती मुख्यतः नातेवाईकांना विचारून घेतलेली आहे आणि घरचे लोक दारूविषयी किंवा नशेविषयी सगळेच सांगतात असे नाही. पण 'लशीमुळे तरुण मरत आहेत' या दाव्याच्या बाजूने चित्रफितींपलीकडे काय आहे, हेही विचारायला हवे.

मग लशीचे दुष्परिणाम नव्हतेच का? होते. कोव्हिशिल्ड ज्या तंत्राने बनली, त्या अॅस्ट्राझेनेकाच्या लशीमुळे रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा विकार क्वचित होऊ शकतो, हे २०२१ मध्येच उघड झाले होते. युरोपात त्याचे प्रमाण लाखात साधारण एक-दोन होते आणि तो प्रामुख्याने पहिल्या डोसनंतरच्या काही आठवड्यांत दिसला. २०२४ मध्ये कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात हे मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे अनेकांना वाटले की आता गुपित फुटले. डोस घेऊन तीन-चार वर्षे झालेल्या माणसाच्या हृदयविकाराशी त्या विकाराचा संबंध जोडता येत नाही. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींनंतर काही तरुणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली, हेही खरे. पण त्या लशी भारताच्या लसीकरण मोहिमेत वापरल्याच गेल्या नाहीत.

इथे मला क्रिकेटवेड्या वाचकाशी बोलायचे आहे. एका डावातल्या शतकावरून आपण कोणाला थोर फलंदाज म्हणत नाही. किती डावांत, किती वेळा नाबाद, सरासरी काय, हे विचारतो. भागाकार केल्याशिवाय आपले समाधान होत नाही. आरोग्याच्या बाबतीत मात्र तोच माणूस एका चित्रफितीवर निकाल देतो. देशात लशीचे २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले. जवळपास प्रत्येक प्रौढाने लस घेतलेली असेल, तर अपघातात गेलेला, सर्पदंशाने गेलेला आणि मैदानावर गेलेला, यांतल्या बहुतेकांनी ती घेतलेलीच असणार. 'त्याने लस घेतली होती' या वाक्यातून त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. तुलना केली तरच काही कळते.

तरीही विश्वास का बसत नाही, याचे सगळे खापर लोकांवर फोडता येणार नाही. लस आली तेव्हा 'पूर्ण सुरक्षित' असे सांगितले गेले. वैद्यकशास्त्रात पूर्ण सुरक्षित असे औषध नसते. 'लाखात एखाद्याला त्रास होऊ शकतो आणि न घेण्याचा धोका याहून पुष्कळ मोठा आहे' हे वाक्य लोकांना समजले असते. ओपीडीत एका डॉक्टरसमोर शंभराची रांग असते, तेव्हा शंकेला दोन मिनिटेही मिळत नाहीत. ती दोन मिनिटे मग मोबाइल देतो. गावात तरुण मृत्यू झाला की शवविच्छेदन टाळले जाते. घरच्यांना ते नको असते आणि यंत्रणेलाही सवड नसते. कारण नोंदलेच गेले नाही तर तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. अचानक झालेल्या प्रत्येक तरुण मृत्यूचे शवविच्छेदन आणि लशीनंतरच्या गंभीर घटनांच्या चौकशीचे निष्कर्ष मराठीत जाहीर करणे, एवढे सरकारने केले तर दहा खुलाशांहून जास्त उपयोग होईल.

या गैरसमजाची किंमत मोठी आहे. लशीला दोषी ठरवले की खरे आरोपी मोकळे सुटतात. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, मानसिक ताण, दारू, भाज्या-फळांचा अभाव आणि व्यायामाचा अभाव या नऊ गोष्टींनी जगभरातील हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यांचा जवळपास नव्वद टक्के धोका स्पष्ट होतो, हा त्याच 'इंटरहार्ट'चा निष्कर्ष. यातल्या बहुतेक आपल्या हातातल्या आहेत. झालेला डोस परत काढता येत नाही, तंबाखूची पुडी मात्र आजच फेकता येते.

दुसरे नुकसान खेळाचे. 'धावू नका, जिम लावू नका, त्यानेच लोक मरतात' हे मत आता सर्रास ऐकू येते. जोरकस श्रमाच्या वेळी धोका वाढतो हे खरे, पण कोणाचा? अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून एकदाही जोरकस व्यायाम न करणाऱ्यांमध्ये अशा श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका शंभरपटीहून अधिक वाढलेला दिसला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो अडीचपटीच्याही आत होता. वर्षभर खुर्चीत बसून गणेशोत्सवाच्या स्पर्धेत एकदम जीव तोडून धावणे धोक्याचे. रोज चालणे, हळूहळू वेग वाढवणे, यात संरक्षण आहे. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह-रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात कोणी अकाली गेले असेल त्यांनी स्पर्धेत उतरण्याआधी तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. खेळताना चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर तरुणानेही 'ऊन लागले असेल' म्हणून सोडून देऊ नये.

तिसरे नुकसान वेळेचे. छातीत दडपण येते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो आणि घरात 'गॅस झालाय' म्हणून सोडा दिला जातो. धमनी बंद असताना दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. सोडा पिऊन दोन तास वाट पाहण्यापेक्षा जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढणे कधीही शहाणपणाचे.

आणि मैदानावर कोणी कोसळलाच, तर मुआम्बाची पुढची गोष्ट आठवावी. त्याचे हृदय ७८ मिनिटे बंद होते. प्रेक्षकांतला एक हृदयरोगतज्ज्ञ धावत मैदानात उतरला, छातीवर दाब देणे थांबवले गेले नाही, विजेचे झटके दिले गेले आणि तो जगला. एरिक्सन असाच वाचला आणि हृदयात यंत्र बसवून पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. बांगलादेशचा क्रिकेटपटू तमीम इक्बाल मार्च २०२५ मध्ये ढाक्याजवळच्या सामन्यादरम्यान झटका येऊन जवळजवळ गेलाच होता, तोही वेळेवर सीपीआर आणि अँजिओप्लास्टी मिळाल्याने वाचला.

हे करायला डॉक्टरच हवा असे नाही. माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. दमल्यावर तिसऱ्याने घ्यावे. पाणी पाजू नये, कांदा हुंगवत बसू नये आणि चित्रीकरण करणाऱ्याने मोबाइल खिशात घालून हात लावावा. दाब मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका येईपर्यंत तो वेळ मैदानावरच्या माणसांच्याच हातात असतो.

येत्या हंगामात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी मंडप, ध्वनिक्षेपक आणि बक्षिसांच्या यादीत एक बाब वाढवावी : चार पोरांना सीपीआर शिकवून मैदानाच्या कडेला बसवणे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विनंती केली, तर एका दुपारी हे शिकून होते.