दोष यंत्रणेचा, शिक्षा गरिबांना!

म्हैसूर शहरात ३० ऑगस्ट २०२३ रोजी ‘गृहलक्ष्मी’ योजनेचा नगारा वाजला. शेजारच्या हिनकलसह साऱ्या कर्नाटकात कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २,००० रुपये देणारी ही योजना शिधापत्रिकेवर उभी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दारिद्र्यरेषेखालील अनेक शिधापत्रिकांवर ‘अपात्र’ हा शिक्का बसला. जनक्षोभ उसळताच करदाते व सरकारी नोकर वगळता इतरांच्या पत्रिका पूर्ववत करणे सरकारला भाग पडले. मग लबाड कोण?

महाराष्ट्रातही जून २०२५ पासून २६.३४ लाख ‘लाडक्या बहिणीं’चे अनुदान थांबले. खोटे लाभार्थी जरूर शोधा; परंतु जुनाट नोंदी व कोलमडणाऱ्या सर्व्हरचा दोष कष्टकरी स्त्रीच्या माथी मारू नका. आधी लेखी कारण व सुनावणी, मगच कपात, ही मागणी गावोगाव बुलंद झाली पाहिजे!