विश्लेषण : इम्प्लांटने स्तनपुनर्रचना झाल्यावर रेडिएशन… धोका किती, दिवस किती?

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढतानाच सिलिकॉन इम्प्लांट बसवून तो पुन्हा घडवता येतो. मात्र त्यानंतर रेडिएशन (किरणोपचार) द्यावे लागले, तर इम्प्लांटच्या तक्रारी वाढतात. हे उपचार पाच आठवड्यांऐवजी सुमारे तीन आठवड्यांत उरकले तरी चालतात, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील रुग्णांसाठी ही बाब का महत्त्वाची, याचा आढावा.

स्तन काढल्यावरही रेडिएशन का?

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. स्तन पूर्ण काढला की रेडिएशन टळते, असा अनेकांचा समज असतो. पण गाठ मोठी असेल किंवा काखेतील चार अथवा अधिक ग्रंथींत रोग पोहोचला असेल, तर छातीच्या भिंतीवर रेडिएशन सहसा दिले जाते. एक ते तीन ग्रंथी बाधित असतील तर निर्णय रुग्णागणिक बदलतो. ‘सुप्रीमो’ चाचणीत मध्यम जोखमीच्या १,६०७ महिलांचा अभ्यास झाला. तिचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. रेडिएशन घेतलेल्यांपैकी ८१.४ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ८१.९ टक्के महिला दहा वर्षांनी हयात होत्या. म्हणजे या गटातील अनेकींना रेडिएशन टाळता येऊ शकते. जास्त जोखमीच्या रुग्णांना मात्र हा निष्कर्ष लागू होत नाही.

इम्प्लांटला काय होते?

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःहून एक पातळ आवरण तयार करते. रेडिएशनमुळे हे आवरण जाड होऊन आवळू शकते. त्यामुळे स्तन कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. त्वचेचा रक्तपुरवठा कमी झाल्याने जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग होतो आणि प्रसंगी इम्प्लांट काढावे लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, इम्प्लांटनंतर रेडिएशन झालेल्या ३८.९ टक्के महिलांना दोन वर्षांत किमान एक गुंतागुंत झाली. रेडिएशन न झालेल्यांत हे प्रमाण २१.८ टक्के होते. पोटासारख्या भागातील स्वतःची चरबी व त्वचा वापरून स्तन घडवलेल्यांत, रेडिएशननंतरही पुनर्रचना फसण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का होते, तर इम्प्लांट असलेल्यांत १८.७ टक्के. पण ही शस्त्रक्रिया लांबलचक असते आणि तिला सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारा तज्ज्ञ लागतो.

तीन आठवडे पुरेसे आहेत का?

जुन्या पद्धतीत ५० ग्रे मात्रा २५ बैठकांत देतात, नव्या पद्धतीत ४२.५६ ग्रे १६ बैठकांत. एकूण मात्रा कमी असली तरी प्रत्येक बैठकीतील मात्रा जास्त असते. ती इम्प्लांटला सोसेल का, ही शंका होती. २०२४ मध्ये अमेरिकेतील दोन चाचण्यांनी तिला उत्तर दिले. ‘फॅब्रेक’मध्ये ४०० महिलांच्या छातीवरील दुष्परिणामांत दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक दिसला नाही. ‘आरटी चार्म’मध्ये दोन वर्षांतील पुनर्रचनेच्या गुंतागुंतीचे प्रमाण कमी बैठकांत १४ टक्के, तर जुन्या पद्धतीत १२ टक्के होते. संशोधकांनी ठरवलेल्या मर्यादेत हा फरक बसतो. मात्र आवरण आवळण्याचा त्रास दोन वर्षांनंतरही उद्भवू शकतो. शिवाय बैठका कमी केल्याने रेडिएशनचा मूळ धोका नाहीसा होत नाही.

कोल्हापूरसाठी याचा अर्थ काय?

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज घ्यावे लागते. चंदगड, आजरा किंवा राधानगरीच्या रुग्णासाठी २५ ऐवजी १६ बैठका म्हणजे नऊ फेऱ्यांचा प्रवास, सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा नऊ दिवसांचा रोजगार आणि भाड्याच्या खोलीचे जवळपास दोन आठवडे वाचतात. शस्त्रक्रिया मुंबईत आणि रेडिएशन कोल्हापुरात, असेही घडते. अशा वेळी दोन्हीकडच्या डॉक्टरांचा संवाद नसेल, तर रेडिएशनचा विचार इम्प्लांट बसल्यावर होतो. राज्याने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कर्करोग धोरणात कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा दुसऱ्या स्तरावरील केंद्रांत समावेश आहे. निदान, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन एकाच ठिकाणी झाले, तर हा निर्णय आधीच घेणे सोपे होईल.

शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे?

रेडिएशन लागण्याची शक्यता किती, हे रेडिएशन तज्ज्ञाकडून शस्त्रक्रियेआधीच समजून घ्यावे. शक्यता जास्त असेल तर पुनर्रचना नंतर करणे, किंवा आधी तात्पुरता फुगा (एक्सपांडर) बसवणे हे पर्याय आहेत. फुग्यातील द्रवाचे प्रमाण नियोजनाच्या सीटी स्कॅननंतर रेडिएशन संपेपर्यंत बदलू नये. फुग्याला धातूचा झडपभाग असल्यास त्याची माहिती रेडिएशन केंद्राला द्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पुनर्रचना यांपैकी नेमके काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच तपासून घ्यावे. मात्र इम्प्लांट खराब होईल या भीतीने गरजेचे रेडिएशन टाळू नये. इम्प्लांट काढून पुन्हा बसवता येते. छातीच्या भिंतीवर परतलेल्या कर्करोगावर उपचार करणे त्याहून कितीतरी अवघड असते.