‘जग’ म्हणजे कुठलं जग?

मागच्या लेखानंतर बारावीतल्या एका वाचक मुलीचा निरोप आला : ‘काका, डॉक्टर व्हायचं नाही, इंजिनिअर तर नाहीच. बायोलॉजी आवडते आणि भाषाही. दोन्ही एकत्र जमेल असं काही आहे का?’

आहे. श्रवण, वाचा आणि भाषा यांचं विज्ञान. आपल्याकडे ते ‘स्पीच थेरपी’ या नावाने माहीत असतं, तेही आजोबांना अर्धांगवायू झाल्यावर किंवा नातू तीन वर्षांचा होऊनही बोलेना तेव्हाच. या क्षेत्रात विद्यार्थ्याला खरंखुरं संशोधन करता येतं, आणि सीमाभागातल्या मुलांकडे त्यासाठीचं भांडवल जन्मापासून असतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

एक प्रयोग आत्ताच करा. ‘जग फिरून आलो’ आणि ‘शंभर वर्षं जग’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. अक्षर तेच, पण पहिल्या ‘ज’ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांपाशी. ‘च’चंही तसंच. प्रमाण कन्नडमध्ये हा भेद नाही, हिंदी-गुजरातीत नाही. तेलुगूत मात्र दातांजवळचे उच्चार सापडतात. मग घरी मराठी आणि शाळेत कन्नड ऐकणारं बेळगावचं मूल हे दोन ‘ज’ कितव्या वर्षी वेगळे काढू लागतं? इंदूरच्या तिसऱ्या पिढीच्या तोंडी ते टिकलेत का? हैदराबादच्या मुलांना तेलुगूची मदत होते का? फोनवर केलेलं स्वच्छ ध्वनिमुद्रण आणि ‘प्राट’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात करता येते.

साधा प्रश्न म्हणजे हलका प्रश्न नव्हे. जीन बर्को या अमेरिकन विद्यार्थिनीने पीएचडीच्या अभ्यासात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव सांगितलं ‘वग’, आणि विचारलं, आता हे दोन आहेत, दोन काय? कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर केलं. म्हणजे मूल नुसतं पाठ करत नाही, नियम शोधतं. 1958 साली छापलेला तो लेख आजही शिकवला जातो. मराठीत तर तीन लिंगं. ‘एक झिपका, दोन?’, ‘एक लोपी, दोन?’, ‘एक लुमटं, दोन?’ घरातल्या चार वर्षांच्या भाचरांना विचारून बघा, करमणूक होईल ती वेगळीच.

आता करमणूक नसलेली गोष्ट. माझ्या मावसबहिणीचा नातू अडीच वर्षांचा झाला तरी मोजकेच शब्द बोलायचा. कुणीतरी सल्ला दिला, घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. आजीला इंग्रजी येत नाही. त्या घरात सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच गप्प बसलं. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाला भाषेचा विकार जडतो, याला संशोधनाचा आधार नाही. विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. उशिरा बोलणाऱ्या मुलाचं आधी तपासायचं ते ऐकणं, आणि ते जन्मल्यावर महिन्याभरात तपासलेलं उत्तम.

पण दोन्ही भाषांत तपासायचं तर साधनं हवीत. पुण्याच्या मुलांवर बेतलेली चाचणी घेतली, तर ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणणारं आपलं पोर उगाच चुकीचं ठरेल. ज्येष्ठांच्या श्रवणचाचणीतही हेच. यंत्राचा ‘टूं’ आवाज कुठल्याच भाषेचा नसतो, पण पुढे शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगतात. शब्द परक्या भाषेतले असले की आजीचा कान कमी पडला की भाषा, ते कळत नाही. ही साधनं दोन्ही भाषा येणाऱ्याच कुणीतरी तयार करायला हवीत.

वाट कशी? बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पदव्युत्तर पदवीला शोधप्रबंध लिहावा लागतो. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरचे लेख स्वतंत्र खंडांत छापते. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिचं एक केंद्र सिकंदराबादला. हैदराबादकरांनी नोंद घ्यावी. बेळगावकरांना धारवाडची जेएसएस संस्था जवळ. पदवी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्या, नाहीतर पुढे व्यवसाय करता येत नाही.

रुग्णांत रमणारा स्वभाव नसेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आहे. मराठी बोलींचं ध्वनिमुद्रित सर्वेक्षण तिथेच झालं. एमबीबीएस करणाऱ्यांना आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधनवृत्ती मिळू शकते, ती कान-नाक-घसा विभागातही करता येते. विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांसाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना ‘मला संशोधनात रस आहे’ असं लिहू नका, सगळे तेच लिहितात. वरच्यासारखा एक नेमका प्रश्न लिहा.

आणि घरच्या घरी ध्वनिमुद्रण केलंत तरी मुलाच्या आईवडिलांची परवानगी आधी घ्या, ती फाइल कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका आणि कुणाच्या पोरात दोष आहे असं परस्पर जाहीर करू नका. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा ते त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा, माझ्या सांगण्यावर राहू नका.