गॅसची फायरप्लेस: अमेरिकेत बंदी नेमकी कशावर?

'अमेरिकेत आता गॅसवरही बंदी!' अशा पोस्ट अधूनमधून व्हायरल होतात. मग घरातल्या जुन्या फायरप्लेसमध्ये गॅस इन्सर्ट बसवता येतं का? बहुतेक ठिकाणी येतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने 2019 मध्ये गॅसजोडणीवर बंदी आणली, ती फक्त नव्या इमारतींसाठी. तीही 2023 मध्ये फेडरल अपील कोर्टात टिकली नाही.

इन्सर्ट म्हणजे लाकडं जाळायच्या कोनाड्यात बसणारी, समोर काच असलेली धातूची पेटी. उघड्या फायरप्लेसमध्ये खोलीतली गरम हवाच चिमणीतून निघून जाते, म्हणजे घर सोडून आभाळ तापवायचं! 'डायरेक्ट व्हेंट' इन्सर्टसाठी चिमणीतून दोन पाइप सोडतात. एक बाहेरची हवा आत आणतो, दुसरा जळालेला वायू बाहेर नेतो. लाकडाच्या धुरातले घातक बारीक कणही टळतात. कार्बन डायऑक्साइड मात्र सुटतोच, आणि गॅसविरोधकांचा मुद्दा तोच आहे.

खरी काळजी हवी ती 'व्हेंट-फ्री' प्रकाराची. यात जळालेला वायू खोलीतच राहतो. कॅलिफोर्नियात घरांसाठी याला मनाई आहे, पण अनेक राज्यांत ते सर्रास विकलं जातं. ज्वलन अर्धवट झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे जीव जातात, तेही याच वायूने. त्यामुळे इन्सर्ट कुठलंही असो, घरात अलार्म हवाच.

आणि ती काच? लहान मुलांचे हात भाजण्याइतकी तापते. 2015 पासून नव्या मॉडेलसोबत संरक्षक जाळी येते, जुन्यांना ती वेगळी बसवून घ्यावी लागते.